ज्याच्याकडे एकच फोन असतो

नात्यात कुणाला मोबाईल घ्यायचा झाला की विचारणा माझ्याकडे येते, आणि इतकी वर्षं माझा सल्ला ठरलेला असायचा. गरज किती ते बघा. व्हॉट्सॲप, यूट्यूब, थोडे पैशांचे व्यवहार, एवढंच करणाऱ्याला दहा-बारा हजारांचा फोन भरपूर झाला. जास्त पैसे त्यांनी घालावेत ज्यांचं काम फोनवर चालतं. म्हणजे आमच्यासारख्या शहरातल्या नोकरदारांनी. हे मत मी सोडलं आहे. का सोडलं, ते सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण असाच सल्ला देणारे आज घरोघरी आहेत.

ते मत हवेतून आलेलं नव्हतं. जानेवारी २०१७ मध्ये रेडमी नोट ४ भारतात आला तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत होती ९,९९९ रुपये. त्यात स्नॅपड्रॅगन ६२५ हा १४ नॅनोमीटरचा प्रोसेसर होता. वेगात तो फार पुढे नव्हता, पण वीज कमी खायचा आणि तापायचा नाही. जोडीला ४,१०० एमएएचची बॅटरी, फुल एचडी स्क्रीन, मागे बोटाच्या ठशाचं सेन्सर. नुकतंच, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ सुरू झालं होतं, डेटा स्वस्त झाला होता. आमच्या दादाने गावाकडे तो फोन कितीतरी वर्षं वापरला. पावसापाण्यात, शेतात, मोटारसायकलच्या कंपनात. त्या एका फोनने माझ्या मनात ‘बजेट फोन’ची व्याख्या पक्की केली, आणि पुढच्या प्रत्येक स्वस्त फोनकडे मी त्याच विश्वासाने बघत राहिले.

वहिनी अंगणवाडी सेविका आहे. नंतर तिने घेतलेला फोनही त्याच किमतीच्या आसपासचा होता. ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण. खोक्यावर ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा ठळक छापलेला. सुट्टीत गावी गेले असताना तिच्या शेजारी बसून तिचं काम पाहिलं. घरी न्यायचा आहार वाटायचा असतो, तेव्हा पोषण ट्रॅकरवर लाभार्थी आईची नोंद काढायची, चेहरा पडताळायचा, ओटीपी टाकायचा. ओटीपी आईच्या मोबाईलवर येतो. तो मोबाईल नवऱ्याबरोबर रानात. म्हणून वहिनीने त्याला फोन लावला, आकडा ऐकला आणि परत ॲपवर आली, तर ॲप पहिल्यापासून सुरू झालेलं. भरलेलं सगळं गेलं. बाई कडेवर पोर घेऊन उभी, मागे आणखी चौघी. वहिनीने चुपचाप पुन्हा नाव शोधायला घेतलं. तिच्या दृष्टीने हे रोजचंच होतं.

यामागचं कारण साधं आहे. ४ जीबीतली बरीच जागा अँड्रॉइड स्वतःच व्यापतं. दुसरं काही उघडलं की मागचं ॲप बंद करून जागा मोकळी केली जाते. दुकानदार सांगतो की यात ‘व्हर्च्युअल रॅम’ वाढवता येते. पण ती वाढीव रॅम साठवणुकीतूनच घेतली जाते, आणि या फोनमधली साठवण ईएमएमसी प्रकारची, म्हणजे मुळात संथ. ती भरत आली की आणखी संथ होते. ६४ पैकी मोठा वाटा सिस्टिम आणि कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप्स खातात, उरलेल्यात गावातल्या पाच-सहा ग्रुपचे फोटो. ज्या कॅमेऱ्याच्या जाहिरातीवर पैसे मोजले, त्याच्या शेजारची दोन मेगापिक्सेलची भिंगं तर कुणी कधी वापरल्याचं मला आठवत नाही.

तिथेच माझा ‘गरज किती’ हा हिशेब मोडला. माझ्याकडे ऑफिसचा संगणक आहे, घरी लॅपटॉप आहे. फोन अडला तर माझं फारसं अडत नाही. वहिनीकडे मात्र तोच संगणक, तोच कॅमेरा, तीच बँक, तेच हजेरीपुस्तक. संध्याकाळी मुलाचा अभ्यास त्याच्यावरच. दादाचा जुना फोन थकल्यावर ई-पीक पाहणीही त्याच्यावरच. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, जीपीएसने जागा पकडेपर्यंत थांबायचं, आणि तेही दुपारच्या उन्हात, जिथे या फोनची स्क्रीन दिसतच नाही. स्क्रीनचा उजेड किती, हे मी कधी कुणाला बघायला सांगितलं नव्हतं. सावलीत बसून फोन वापरणाऱ्याला ते सुचतही नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. २ जीबी रॅम, न पेलणारं ॲप, वाढणारा दुरुस्तीचा खर्च, इंग्रजीतली माहिती, अशा तक्रारी होत्या. तेव्हा मला ती खरेदीतली गडबड वाटली होती. आता वाटतं की त्या बायका फोनबद्दल जे सांगत होत्या, ते कुठल्याही तुलनातक्त्यात सापडत नाही.

स्वस्त फोनचे गुण मात्र मी आजही मनापासून मानते. ५,००० एमएएचची बॅटरी वीज गेलेल्या गावात फार मोठा आधार आहे. मेमरी कार्डाची जागा, हेडफोनचं भोक, या सोयी बहुतेक महागड्या फोनांनी काढून टाकल्या, इथे अजून सापडतात. काच फुटली तर तालुक्याच्या बाजारात त्याच दिवशी बदलून मिळते. चाळीस हजारांचा वक्र काचेचा फोन वहिनीच्या पिशवीत महिनाभरही टिकला नसता. त्यामुळे महाग घ्या, असं मी म्हणत नाही.

आता विचारलं तर कॅमेऱ्याचं आणि ५जीचं नाव शेवटी घेते. आधी ६ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण आणि ती यूएफएस प्रकारची आहे का, उन्हात स्क्रीन वाचता येते का, आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हे बघायला सांगते. शेवटचा मुद्दा मी पूर्वी हौशी लोकांचा समजत होते. पण ज्या फोनवर खातं आहे, आधार आहे, तोच जुन्या अँड्रॉइडवर अडकून पडला तर बँकेचं ॲपही एक दिवस चालेनासं होतं. वीस हजारांच्या आतल्या फोनला सहा वर्षं अपडेट देता येतात, हे २०२४ च्या गॅलेक्सी ए१६ ५जीने दाखवून दिलं आहे. युरोपीय संघाने जून २०२५ पासून, विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट देणं बंधनकारक केलं. आपल्याकडे तसं बंधन नाही, आणि गरज तर आपल्याला जास्त आहे.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. असा फोन पाच-सहा हजारांनी महाग पडतो. सेविकेच्या मानधनात ते कुठून आणायचे? त्यात २०२० पासून मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झालेला. म्हणजे बारा हजारांच्या फोनमध्ये अठराशेहून अधिक रुपये कराचे. आमच्या घरात आम्ही भावंडांनी मिळून वरचे पैसे घातले. प्रत्येक घरात ते जमणार नाही. म्हणून माझं आता स्पष्ट म्हणणं आहे की जे खातं एखादं ॲप सक्तीचं करतं, त्याने ते आधी दोन वर्षं वापरलेल्या, भरलेल्या, ४ जीबीच्या फोनवर चालवून बघावं, आणि ते तिथे चालत नसेल तर फोनचे पैसे सेविकेकडून नव्हे, स्वतःच्या तिजोरीतून द्यावेत.