ऊर्जानगरांतील ग्रंथपेटी

चंद्रपुराहून ताडोब्याच्या वाटेला लागलें म्हणजे थोड्याच अंतरावर औष्णिक वीजकेंद्राचीं उंच धुरांडीं दिसूं लागतात. त्यांच्या छायेंत ऊर्जानगर ही कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. येथील पहिला संच १९८३ सालीं सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. जवळच कोळशाच्या खाणी व इरईचा जलाशय. आणि वाघाबिबट्यांचें रान इतकें निकट कीं तिन्हीसांजेनंतर मुलांना अंगणाबाहेर सोडावयास मातांचा जीव धजत नाहीं.

अशा ठिकाणीं जुन्या संस्कृत ग्रंथांची गांठ पडेल, असें कोणास वाटणार नाहीं. परंतु येथें नोकरीनिमित्त दूरदूरचीं कुटुंबें आलीं, आणि त्यांच्या सामानांत आजोबांच्या पेट्याही आल्या. वसाहतींतील घर मात्र नोकरीपुरतें. निवृत्तीनंतर तें सोडावें लागतें. माझे यजमान त्याच तयारींत होते. पुढील बिऱ्हाड लहान; तेव्हां पेटींतील काय न्यावें आणि काय रद्दींत घालावें, हा घरांत वादाचा विषय झाला होता. "पहिल्या आवृत्त्या तेवढ्या ठेवूं," असा धाकट्या बंधूंचा तोडगा होता.

बहुतेक ग्रंथ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे होते. जावजी दादाजी यांनीं तो १८६९ सालीं काढला. या ग्रंथांची आवृत्ति ओळखावयाची तर प्रथम मुखपृष्ठावरील प्रकाशकाचें नांव पाहावें. जावजी १८९२ सालीं निवर्तले. पुढील ग्रंथांवर क्रमानें तुकाराम जावजी, पांडुरंग जावजी व सत्यभामाबाई पांडुरंग हीं नांवें आढळतात. मग आवृत्तीचा अंक शोधावा. पहिल्या आवृत्तीवर तो बहुधा नसतोच. परंतु अंक नाहीं एवढ्यावरून निर्णय करूं नये, कारण मूळचें मुखपृष्ठ कित्येकदां फाटून गेलेलें असतें. प्रस्तावनेच्या तिथीवरही भिस्त ठेवूं नये. पहिलीच प्रस्तावना पुढील आवृत्त्यांत पुनः छापली जाते. केवळ शक दिला असल्यास त्यांत ७८ मिळवावे. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शंका उरलीच तर १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वयें निघालेल्या सरकारी त्रैमासिक याद्या पाहाव्या. त्यांत आवृत्ति, प्रतींची संख्या व किंमत यांची नोंद असते.

या कसोट्या लावतां मल्लिनाथाच्या टीकेसह असलेल्या रघुवंशाच्या दोन प्रती निघाल्या. एकीवर तुकारामांचें नांव, दुसरीवर पांडुरंगांचें. दोहोंवरही पुढील आवृत्तीचा अंक. धाकट्या बंधूंनीं दोन्ही रद्दीच्या ढिगाकडे सारल्या.

येथेंच विचार करावयास हवा. पहिली आवृत्ति ही इतिहासाची साक्ष खरी. पण निर्णयसागरचे शास्त्री पाठ पुनः पुनः शोधीत असत. काशिनाथ पांडुरंग परब यांनीं सिद्ध केलेले कित्येक ग्रंथ पुढें वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांनीं सुधारून छापविले. अभ्यासकाला म्हणून पुष्कळदां मागाहूनची आवृत्तिच अधिक उपयोगाची असते.

वहिनींनीं मात्र निराळाच निकाल दिला. तुकारामांच्या प्रतीच्या समासांत बारीक अक्षरांत टिपणें होतीं. ती प्रत उचलून त्या म्हणाल्या, "भावोजी, हें आजेसासऱ्यांचें अक्षर. याची दुसरी आवृत्ति निघावयाची नाहीं."

प्रत बांधाबांधींत गेली. दुसरी प्रत शिकणाऱ्या एका पुतण्यास द्यावी असें ठरलें. रद्दीवाल्यास बोलावण्यापूर्वीं प्रत्येक घरीं एवढें तरी व्हावें: मुखपृष्ठ वाचावें, आणि मग समासही चाळावा.