सातव्या महिन्याची धास्ती

आमच्या घरचं वर्ष सात महिन्यांचं होतं. माझे वडील, अण्णा, लातूरकडून भोसरीला आलेले. नव्वदच्या दशकात ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टेंपररी होते. सात महिने भरत आले की त्यांना ब्रेक मिळायचा. मग कित्येक महिने घरी, नाहीतर मिळेल त्या ठेकेदाराकडे. आणि नशिबाने साथ दिली तर पुन्हा त्याच गेटवर, नव्या कार्डावर, सुरुवातीच्याच पगारावर.

यामागचं गणित मला फार पुढे कळलं. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे तेव्हा बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं की टेंपररी कामगाराला कायम करावं लागायचं. सात महिन्यांचे दिवस होतात 210च्या आसपास. माणूस 240च्या आकड्याला पोचायच्या आत त्याला बाहेर काढायचं, यासाठी तो ब्रेक. अण्णांच्या कामात खोट नव्हती. पण दहावीतल्या मुलीला हे कोण सांगणार? मला वाटायचं, अण्णाच कुठेतरी कमी पडतात.

सहावा महिना लागला की घरातली हवा बदलायची. आई तेल पावशेरच आणायची. अण्णांचं बोलणं कमी व्हायचं. ब्रेक मिळाल्यावरही ते पहिल्या शिफ्टच्या वेळी डबा घेऊन बाहेर पडत, चाळीत कळू नये म्हणून. तळवडे, चिखलीच्या बाजूला गेटोगेट विचारत फिरत. आई रबराच्या पार्टच्या कडा कात्रीने कापायचं काम घरी आणायची. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणी कुणाशी त्यावर बोलत नव्हतं.

त्या दिवसांत माझं पोट दुखायचं, शाळेच्या वेळी जास्तच. डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. रात्री जाग आली की अंधारात आई-अण्णांची कुजबुज ऐकत पडून राहायचे: भाडं, भिशी, दुकानदाराची उधारी. वाचलेलं डोक्यात राहत नसे. सहलीचं पत्रक मी घरी दाखवतच नसे. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे ‘नोकरी’ लिहिताना हात अडायचा. बाई मात्र कौतुकाने म्हणायच्या, किती शहाणी मुलगी, कधी काही मागत नाही.

भावाचं उलट झालं. नववीत तो मारामाऱ्या करू लागला, तासांना दांड्या मारू लागला. “शिकून तरी कोण परमनंट करणारे?” असं एकदा अण्णांच्या तोंडावर बोलला. त्याला शाळेने बोलावून समज दिली. माझ्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. आम्हा दोघांच्या मनात भीती एकच होती.

अशाच एका ब्रेकमध्ये आईने आम्हाला समोर बसवलं आणि हिशेबाची वही उघडली. साठलेले पैसे किती, भाडं किती, उधारी कुठवर चालेल, सगळं वाचून दाखवलं. मार्चपर्यंत तुमच्या शाळेला धक्का नाही, पुढचं मार्चमध्ये ठरवू, म्हणाली. मग अण्णांच्या देखत म्हणाली, “यांची काही चूक नाही. तिथं सगळ्यांनाच असं काढतात.” अण्णा मान खाली घालून बसले होते. जरा वेळाने म्हणाले, “विचारा, काय विचारायचंय ते.” घरात एक रुपया वाढला नव्हता. तरी मला झोप लागू लागली, आणि भाऊ अण्णांशी पुन्हा बोलू लागला. किती वाईट होऊ शकतं ते कळल्यावर त्यापलीकडचं वाईट मनात रचणं थांबलं.

आता मी याच पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. मुलांचे वडील चाकणला कंत्राटावर असतात, काही मोबाइलवरच्या ॲपसाठी डिलिव्हरी करतात. आम्हाला सातवा महिना तरी माहीत असायचा. यांच्या घरी एखाद्या सकाळी आयडी बंद झालेला दिसतो. फी राहिलेल्यांची नावं मी वर्गात वाचत नाही. सारखं पोट किंवा डोकं दुखणाऱ्या, एकाएकी चिडू लागलेल्या मुलांशी बोलते, तशीच कधीच काही न मागणाऱ्यांशीही. बाजूला घेऊन विचारते, घरी कामाचं कसं चाललंय? पालकसभेत आईच्या वहीबद्दल सांगते. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक वर्गात लावलेला आहे. तिथे चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

पण माझ्या विचारपुशीने कुणाच्या घरचं भाडं भरलं जात नाही. गेटवर मिळालेला ब्रेक दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात येऊन बसतो, म्हणून यावर शाळांनीही बोललं पाहिजे. जे काम बारा महिने चालतं, त्यावरचा माणूस बारा महिने ठेवा. आणि थांबवायचंच असेल तर महिनाभर आधी लेखी कळवा. ही मागणी कामगार संघटनांच्या बरोबरीने पालक-शिक्षक संघांनीही मांडावी, असं मला मनापासून वाटतं. आमच्या संघाच्या पुढच्या बैठकीत मी ती मांडणार आहे.