वायर आधी, एमसीबी नंतर

आसगावच्या घरात मागचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांसाठी वेगळा बोर्ड बसवायचा होता. मी बी.कॉम., त्यामुळे आधी वही काढली. गिझर 2000 वॅट, इंडक्शन 2000, मिक्सर 750, फ्रिज 250. एकूण 5000 भागिले 230 व्होल्ट, म्हणजे साधारण 22 अँपिअर. मिस्त्री म्हणाला, सगळं एकदम थोडंच चालतं? आपल्याकडे चालतं! दर्शनाआधीच्या अंघोळी, पाणी उकळणं, नातवंडांचे डबे, सगळं एकाच वेळी.

जुनी वायर 2.5 चौरस मिलिमीटरची. "तीच राहू द्या काकू, 32चा एमसीबी टाकतो, पडणारच नाही." धोका तोच! एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असतो. वायरला झेपेल त्याहून मोठा लावला, तर तो गप्प बसतो आणि भिंतीत वायर तापत राहते. त्यात आपला भंडाऱ्याचा उन्हाळा. उष्णतेत वायरची क्षमता आणखी घटते.

म्हणून मेनपासून तांब्याची 6 चौरस मिलिमीटरची वायर घेतली, तिच्यावर 25चा एमसीबी. गिझर आणि इंडक्शनला 2.5ची स्वतंत्र वायर, प्रत्येकी 16चा एमसीबी. शॉकपासून बचावासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. खर्च वाढला, पण त्याच भिंतीपलीकडे नातवंडं झोपतात.

तुमच्याकडे एमसीबी सारखा पडत असेल, तर मोठा बसवू नका. वायर किती जाडीची आहे, ते आधी विचारा.