तापलेला सेल्फ

पुण्याजवळच्या मांजरी गावाला समुद्र नाही. बुद्रुक आणि खुर्द यांच्यामधून मुळा-मुठा वाहते, पण तिच्यावर जलपर्णी अशी माजते की नावेचं नाव काढू नये. तरीही इथल्या एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात, उसाच्या ट्रॅक्टरांच्या डायनामोंशेजारी, बोटीचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, पडलेला पाहिला. उजनीकाठच्या भिगवणहून आलेला. रंग करपलेला, आतल्या वार्निशचा जळका वास अजून येत होता. तसं नातं लांबचं नाही. मांजरीच्या पुलाखालचं पाणी रांजणगाव सांडसला भीमेत मिसळतं आणि भीमा उजनीच्या जलाशयात शिरते. आमचंच पाणी, आमच्या घाणीसकट, त्या बोटीखाली.

"जळला म्हणतात," मिस्त्री म्हणाले, "पण ह्याचा काय दोष? इंजिनात हवा धरली असणार. डिझेलच पोचत नाही आणि हे सेल्फ मारत बसले."

मला हा निवाडा फार आवडला. सेल्फ म्हणजे लग्नघरातला मामा. बाकी कुणाचंही चुको, धावपळ त्याची आणि ताप त्यालाच.

ही मोटर मुळातच अल्पकाळासाठी जन्मली. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. क्षणभरच काम असेल तर छोट्या मोटरवर तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकता येतो, हे त्याने तिथे ओळखलं. 1912 च्या कॅडिलॅक गाडीत त्याचा सेल्फ बसला आणि हँडलचे दिवस सरू लागले. हा उधारीचा व्यवहार होता. सेल्फ काही सेकंदांत शेकडो अँपिअर ओढतो, आणि तो निववायला आत पंखा नसतो. म्हणून दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारायचा नाही, मग मिनिट-दोन मिनिटं थांबायचं. ते थांबणं कुणालाच जमत नाही.

मग खरा दोष कुठे, हे मिस्त्री हात लावून दाखवतात. सेल्फ मारून झाल्यावर बॅटरी काढून ठेवण्याची घाई नको, आधी वायर चाचपायची. जो जोड कोमट लागेल तिथे चोर. टर्मिनलवर पांढरी बुरशी, अर्थिंगचा बोल्ट गंजलेला, नाहीतर कुणीतरी पैसे वाचवायला टाकलेली बारीक केबल. ताकद तिथेच उष्णता होऊन जाते, सेल्फ रेंगाळत फिरतो आणि माणूस बटण आणखी दाबून धरतो. मीटर असेल तर सेल्फ चालू असताना बॅटरीच्या खुंटीपासून सेल्फच्या खुंटीपर्यंत मोजावं. अर्ध्या व्होल्टच्या वर घट दिसली की वायरीकडे बघा. जोड थंड आणि सेल्फच तापलेला, तर मात्र तो उघडायचा. बुश झिजून आर्मेचर घासत असेल, नाहीतर सोलेनॉइडचे पॉइंट चिकटून इंजिन सुरू झाल्यावरही तो फिरतच राहिला असेल.

बोटीची आणखी एक खोड मला तिथेच कळली. ज्या इंजिनात थंड करणारं बाहेरचं पाणी धुराच्या नळीतूनच सोडतात, तिथे इंजिन न पेटता सेल्फ मारत राहिलं तर पाणी ढकलायला धूरच नसतो. ते सायलेन्सरमध्ये साठतं आणि उलटं सिलिंडरात शिरू शकतं. गाडीवाल्याचा नुसता सेल्फ जातो, बोटवाल्याचं अख्खं इंजिन.

खडकीला 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, आणि आमच्या नदीकाठच्या मळ्यांतली पाण्याची इंजिनं पुष्कळ वर्षं हँडलनेच पेटत. चार वेळा हँडल मारून दंड भरून आला की माणूस आपोआप डिझेलच्या नळीकडे बघायचा. बटणाने ती अक्कल काढून घेतली, असं माझं मत आहे. अर्थात उलटलेल्या हँडलने मनगट मोडलेल्यांना ते पटणार नाही.

भिगवणला रोहित पक्षी बघायला तुम्ही हिवाळ्यात जालच. नावाड्याने दोनदा सेल्फ मारला, इंजिन पेटलं नाही आणि तो हात आवरून बसला, तर घाई करू नका. त्याचं बरोबर आहे.