मिठाविना भात आणि आषाढातला गोवा

अ. का. प्रियोळकरांचं ‘द गोवा इन्क्विझिशन’ हे १९६१ सालचं पुस्तक माझ्याकडे बरीच वर्षं आहे. त्यात १७३६चा एक फतवा येतो. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, गोव्यात आलं १५६०मध्ये आणि कायमचं गेलं १८१२मध्ये. मधल्या काळात त्यानं काय काय बंद करायचा प्रयत्न केला याची ती यादी आहे. लग्नात ओव्या गायच्या नाहीत, अंगणात तुळस ठेवायची नाही, पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसायचं नाही. इथवर वाचून कुणी फारसं चमकणार नाही. पण त्यातच आहे की ख्रिस्ती घरात भात मिठाशिवाय शिजवायचा नाही. हिंदू तसा शिजवतात, म्हणून. धर्मसत्ता भाताच्या तपेल्यापर्यंत पोचली होती! हे कलम वाचलं की मला दर वेळी गोव्याला जावंसं वाटायचं, आणि जायला मिळायचं ते डिसेंबरात, म्हणजे जेव्हा तिथे गोवेकर सोडून बाकी सगळे असतात.

शेजारच्या वहिनी मूळच्या बार्देसच्या. त्या म्हणाल्या, “शॅक मोडले की जा. आमचं खाणं तेव्हा बघा.” म्हणून २०२३च्या जूनअखेरीस निघालो. त्या वर्षी पाऊस रेंगाळला होता. बिपरजॉय वादळानं सगळी घडी विसकटलेली, आणि कोकणात थोडा पुढे सरकून मोसमी वारे अडकून बसलेले. शिवोलीत उतरलो तेव्हा आभाळ काळं होतं, पण बरसायची चिन्हं नव्हती.

राहायची सोय ‘नदीकाठचं वारसाघर’ अशी वाचली होती. वारसा गादीत होता, किमान दोन पिढ्यांच्या ओलीचा. नदी दिसायची, पण न्हाणीघराच्या झरोक्यातून आणि टाचा उंचावून. यजमान मात्र लोभस माणूस. चादर बदलून मागितली की तो हुर्राकाची बाटली काढायचा, आणि चादरीचा विषय तिथेच मिटायचा. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन. तो हलका, हिरव्या वासाचा. लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. तो टिकत नाही, म्हणून मार्च ते मे एवढाच त्याचा हंगाम, आणि ही शेवटची बाटली. हाच पुन्हा भट्टीवर चढला की फेणी होते. कोळंबी नावाच्या कुंडीत बोंडं तुडवणारे पाय, मडक्यात फसफसणारा रस, भट्टीखालची लाकडं, हे सगळं पावसाआधी आटोपावं लागतं. काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. माडाच्या सुरेची फेणी दक्षिण गोव्यात आजही निघते, तिची आठवण मात्र कुणी काढत नाही.

घरोघरी पुरुमेंताची बेगमी भरलेली होती. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, म्हणून मे महिन्यातच म्हापसा-मडगावच्या फेस्तांच्या फेरीतून सुकी मासळी, मिरच्या, चिंच, सोलं, कांद्यांच्या माळा घरी येतात. यजमानांच्या आईनं केलेली किसमूर मी चुलीशी बसून पाहिली. सुके गालमो, म्हणजे जवळा, तव्यावर कोरडेच भाजायचे, शेपट्या मोडतील इतके कुरकुरीत. मग खोवलेला नारळ, बारीक कांदा, तिखट, चिंचेचा कोळ, आणि हे सगळं बोटांनी चुरायचं. चुरल्याबरोबर खायचं, कारण पाच मिनिटांत ती मऊ पडते. “थांबू नकात,” म्हातारी म्हणाली आणि माझ्या पानात भाताशेजारी मूठभर टाकलीच.

२४ जून म्हणजे सांजांव. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा हा जन्मदिन. मरिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या या योहानानं आनंदानं उडी मारली, असं बायबल सांगतं. गोव्यानं ती उडी विहिरीत नेली. सकाळपासून घुमटं वाजत होती. माथ्यावर पानाफुलांची कोपेलं घालून टोळकी घरोघर फिरत होती, आणि ज्या घरात वर्षभरात लग्न झालंय किंवा पाळणा हललाय तिथे जास्त रेंगाळत होती. नव्या जावयाचा मान मोठा, सासूकडून फळांची दाली. विहिरीत अननस पडतो, फेणीची बाटली पडते आणि मागोमाग तीन-चार जण पडतात. कोपेल म्हणजे काही नाजूक प्रकार नव्हे. एका पोरानं माझ्यासमोर वेलीचं वेटोळं केलं, त्यात आंब्याचे टाळे खोचले, जास्वंदी खुपसल्या आणि वर दोन कच्ची जांभळं लटकवली. विहिरीतून तो वर आला तेव्हा जांभळं गायब होती, आणि ती कुणी खाल्ली यावर भांडण जुंपलं. दुपारी शिवोलीच्या चॅपेलासमोर सजवलेल्या होड्या आल्या. गर्दी, ध्वनिवर्धक, मोबाईल. ते मी फार पाहिलं नाही.

मग जुनं गोवं. बाँ जेझू चर्चच्या दारात एका वाटाड्यानं मला पकडून सांगितलं की इथल्या चर्चांखाली सोन्यानं भरलेली भुयारं आहेत आणि एक थेट रोमला जातं. त्याला चहा पाजून मी फेरीबोट गाठली. त्या दगडी भव्यतेविषयी लिहिणाऱ्यांची कमतरता नाही.

माझं लक्ष समोरच्या दिवाडी बेटाकडे होतं. गोव्याच्या कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर तिथल्या नार्वे गावात होतं, त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात देऊळ पाडलं, आणि परंपरा सांगते की लिंग विहिरीवर पाणी शेंदायच्या कामी लावलं. तिथून भक्तांनी ते हलवून नदीपार डिचोलीच्या बाजूला नेलं. त्या तीरावरच्या गावाचंही नाव नार्वेच. शिवाजी महाराजांनी १६६८च्या नोव्हेंबरात तिथलं देऊळ बांधायला घेतलं, दारावर तसा लेख आहे. बेट ओलांडून दुसऱ्या फेरीत बसलो आणि देवाचा प्रवास दहा मिनिटांत उरकला. डागडुजी होऊन देऊळ त्याच फेब्रुवारीत पुन्हा उघडलं होतं. चुन्याचा पांढरा रंग, घुमट, दीपस्तंभ, मागे पोफळी. चिटपाखरू नव्हतं. मी पायऱ्यांवर बसून राहिलो आणि त्या दिवसाचा पुढचा बेत पाण्यात गेला. बसल्या बसल्या एकच विचार मनात घोळत होता. एका तीरावर देव सांभाळायचा तर नदी ओलांडायची, दुसऱ्या तीरावर घर सांभाळायचं तर भातात मीठ घालायचं. ज्यांनी मीठ घातलं त्यांच्याविषयी आपण मराठी लोक फार पटकन न्याय करून मोकळे होतो.

फोंड्याला एक निवृत्त इतिहासाचे प्राध्यापक भेटले. आधी फोनवर बोलणं झालं होतं. मी माझा सिद्धांत मांडला: विहीर, चिखल, पाला, नवा जावई, हे सगळं धर्मांतराआधीचं पावसाळी पूजन आहे, वर संतांची नावं नंतर चढली.

“पुरावा?” सर म्हणाले.

मी १७३६चा फतवा पुढे केला. बंदी घालावी लागली, म्हणजे लोक ते करतच होते!

“फतव्यावरून फतवा काढणाऱ्याची भीती कळते. लोक काय करत होते ते कळायला दुसरे कागद लागतात. शिवाय त्या यादीत विहीर कुठे आहे?” मग त्यांनी पोर्तुगाल काढलं. पोर्तूत याच संताच्या आदल्या रात्री शेकोट्या पेटतात, त्यावरून उड्या मारतात. “गोव्यातल्या जूनमध्ये शेकोटी पेटवून दाखवा. उडी तीच, खाली आग होती तिथे पाणी आलं.”

युक्तिवाद देखणा होता आणि मला अजिबात पटला नाही. आग जाऊन पाणी आलं तर आलं, पण जावई कुठून आला? आपल्या दिवाळसणातला जावई आणि सांजांवचा जावई हे सख्खे भाऊ दिसतात. सर म्हणाले, जावयाचे लाड जगभर होतात. मी म्हटलं, सासूनं फणस हातावर ठेवून नव्हे. यावर त्यांनी उठून चहा टाकला.

पंचांगानं मात्र माझी बाजू घेतली. त्या वर्षी आषाढी एकादशी २९ जूनला आली, आणि २९ जून हाच संत पेद्रूचा, म्हणजे कोळ्यांच्या सांगोडचा दिवस. देवळांत टाळ, खाडीत होड्या जोडून बांधलेल्या तराफ्यावर गाणी. एकाच दिवशी अर्धा गोवा साबुदाण्यावर होता आणि उरलेला, मासेमारी बंद असल्यामुळे, सुक्या बांगड्यावर.

दुसऱ्या दिवशी माशेलचा चिखलकालो. सर स्वतःहून आले, “तुम्ही भलतंच लिहू नये म्हणून.” इथली देवकीकृष्णाची मूर्ती मूळ चोडणची. तीही मयेमार्गे इकडे पोचली, फोंडा महाल पोर्तुगीजांच्या हाती जाण्याच्या कितीतरी आधी. आई आणि मूल एकत्र असं कृष्णाचं देऊळ विरळाच. आदल्या दिवसापासूनचं भजन संपलं, अंगाला तेल चोपडलेले पुरुष नि पोरं मैदानात उतरली, आणि पावसानं अखेर मनावर घेतलं. चेंडूफळी, आंधळी कोशिंबीर, चक्र, रस्सीखेच, सगळं घोट्याएवढ्या चिखलात. कठड्यावरून लाडू, केळी, चिरमुऱ्यांचा वर्षाव होत होता. आजोबा वयाचा एक गृहस्थ नातवाला चिखलात पद्धतशीर लोळवत होता आणि नातवाची आई बाजूला उभी राहून, राहिलेली जागा दाखवत होती.

“गोपाळकाला,” सर छत्रीखालून ओरडले. “भागवत संप्रदाय. शेतीचा काही संबंध नाही.” तेवढ्यात कुणीतरी धावत येऊन त्यांच्या दोन्ही गालांना चिखल फासला. त्यांनी चष्मा पुसला आणि संबंध नाही हे पुन्हा एकदा सांगितलं.

भूक सडकून लागली होती. माशेलच्या रस्त्यावर एक खाणावळ सरांना माहीत होती. वारुळांवर उगवणारी अळमी, पानात बांधून विकतात ती, तिथे शागुतीत मिळते म्हणून मला त्यांनी सकाळपासून आशेला लावलं होतं. मालक म्हणाला, पाऊसच उशिरा, अळमी पुढच्या महिन्यात. सरांनी दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर जूनमध्ये अळमी खाल्ल्याचं सांगितलं. मालकानं ती जुलैतली होती असं बजावलं. सरांनी पाऊस त्या साली किती तारखेला लागला ते सांगितलं. मालकानं पुरावा मागितला. माझा भात आणि तिसऱ्या नसलेलं, नुसत्या बटाट्याचं सुकं येऊन संपलं, सोलकढीची दुसरी वाटीही झाली, तरी दोघं अजून जूनमध्येच होते.