मास्कआडचे तोंड

दीर्घकाळ मास्क लावल्याने तोंडाच्या आरोग्यात जे बदल होतात, त्यांचे मूळ बहुतेक वेळा लाळेत सापडते. निरोगी प्रौढाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती अन्नकण धुऊन नेते, तिच्यातले बायकार्बोनेट आम्लता शमवते, तर कॅल्शियम आणि फॉस्फेट एनॅमलची सुरुवातीची झीज भरून काढतात. सामू 5.5च्या आसपास उतरला की एनॅमल विरघळू लागते. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच ही वेळ येते. लाळ पुरेशी असेल तर बहुधा तासाभरात सामू पूर्वपदावर येतो. लाळ अपुरी असली की हा काळ लांबतो आणि किडीला वाव मिळतो.

मास्कच्या आतली हवा तर दमट असते. मग तोंड कोरडे का पडावे? कारण ते सुकवतात ते मास्कसोबत आलेले बदल. श्वास जड वाटू लागला की माणूस नकळत तोंडाने श्वास घेतो, शिवाय पाणी पिणे टळते. 2020-21 मध्ये कोविड वॉर्डांत पीपीई किट चढवलेले डॉक्टर आणि परिचारिका तासन्‌तास पाण्याचा घोटही न घेता काम करत होते. त्यांच्या कोरड्या तोंडाचे खापर एकट्या मास्कवर फोडणे बरोबर नाही.

हा कोरडेपणा तपासणीत स्पष्ट दिसतो. दंतवैद्याचा छोटा आरसा गालाच्या आतल्या बाजूवरून अलगद घसरायला हवा, तो तिथे चिकटतो. जिभेखाली लाळ साचत नाही, असलीच तर फेसाळ असते. सतत तोंडाने श्वास घेणाऱ्यांच्या वरच्या पुढच्या दातांवरची हिरडी लाल, सुजरी आणि चकचकीत होते, कारण हवा थेट तिथेच लागते.

दुर्गंधीचे बरेचसे श्रेय मास्कला उगाच मिळते. जिभेच्या मागच्या भागावरचे जंतू प्रथिनांचे विघटन करून हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सोडतात. मास्कमुळे तेच वायू नाकाशी येतात आणि जुनी दुर्गंधी प्रथमच जाणवते. ही जाणीव उपयोगी आहे, कारण दुर्गंधीमागे पुष्कळदा दुर्लक्षित हिरड्यांचा आजार असतो. ती झाकायला चघळलेल्या गोड गोळ्या मात्र घातक ठरतात. ओलसर मास्क तासन्‌तास तसाच राहिला तर ओठांचे कोपरे चिरतात आणि तिथे कॅन्डिडा ही बुरशी वाढू शकते.

2020 मध्ये न्यूयॉर्कमधील काही दंतवैद्यांनी या तक्रारींना ‘मास्क माउथ’ हे नाव रूढ केले. पुढच्या पाहण्यांत अनेकांनी कोरडेपणाची तक्रार नोंदवली. परंतु मास्कमुळे दात किडतात, असे सिद्ध झालेले नाही. त्याच काळात नियमित दंतोपचार लांबणीवर पडले होते, हेही विसरता येत नाही. महाराष्ट्रातली मास्कसक्ती 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याला उठली. शस्त्रक्रियागृहांत आणि औषध कारखान्यांत मास्क कायम आहे.

अशा कर्मचाऱ्यांना पाण्यासाठी ठरलेली सुट्टी मिळायलाच हवी. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दोनदा दात घासणे, रोज जीभ साफ करणे, ओला मास्क बदलणे आणि गोळीऐवजी बिनसाखरेचे च्युइंगगम चघळणे एवढ्याने बहुतेकांचे भागते. मास्क काढूनही कोरडेपणा टिकला, तर मधुमेह आणि चालू औषधे तपासावीत. ॲलर्जी, नैराश्य आणि रक्तदाबावरची काही औषधे लाळ घटवतात.