मांड

घोडे आपल्या रस्त्यांवरून कधीच गेले. भाषेतून मात्र ते अजून गेलेले नाहीत. टाच, लगाम, रिकीब, खोगीर हे शब्द ज्यांनी घोड्याला जवळून कधी पाहिले नाही तेही सहज वापरतात. या शब्दांत मला विशेष आवडतो तो 'मांड'. घोड्यावर बसणे निराळे आणि मांड पक्की असणे निराळे. नुसता बसलेला माणूस घोड्याने अंग झटकताच खाली येतो. मांड पक्की असलेल्याला घोडा आपल्याच अंगाचा भाग समजतो. या शब्दाचा पुरता अर्थ मला कळला तो मात्र डेन्मार्कमधील एका स्त्रीमुळे. तिचे नाव लिस हार्टेल.

१९२१ साली जन्मलेली लिस 'ड्रेसाज' या प्रकारात १९४३ आणि १९४४ अशी लागोपाठ दोन वर्षे डेन्मार्कची अजिंक्यवीर होती. ड्रेसाज म्हणजे शर्यत नव्हे, उड्या मारणेही नव्हे. आखलेल्या चौकोनात घोड्याने ठरलेल्या चाली करून दाखवायच्या. जागच्या जागी दुडकायचे, तिरके सरकायचे, थांबायचे, वळायचे. स्वार आज्ञा देतो, पण ती पाहणाऱ्याला दिसता कामा नये. घोडा जणू आपल्याच मनाने नाचतो आहे असे वाटले पाहिजे.

१९४४ च्या सप्टेंबरात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिला पोलिओ झाला. तेव्हा ती दुसऱ्यांदा गरोदर होती. मुलगी सुखरूप जन्मली, पण आईचे शरीर लुळे पडले. कुबड्यांवर चालता आले तरी पुष्कळ झाले, असे डॉक्टरांना वाटत होते. हळूहळू बरेच स्नायू कामाला लागले. हातांत थोडा अधूपणा राहिला. गुडघ्यांखालचे पाय मात्र कायमचे गेले.

घोडेस्वाराचे गुडघ्याखालचे पाय म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा. पोटरीचा दाब आणि टाच हीच तर घोड्याशी बोलण्याची मुख्य भाषा! ती भाषाच हरपल्यावर लिसने दुसरी तयार केली. अंगाचा भार किंचित इकडे, किंचित तिकडे. पाठीचा कणा थोडा ताठ, थोडा सैल. एवढ्याशा खुणा ज्युबिली नावाच्या तिच्या घोडीला समजू लागल्या. तिला उचलून घोडीवर बसवावे लागे आणि उचलूनच उतरवावे लागे. मधल्या वेळात तिला कुणाची गरज नसे. १९४७ साली स्कँडिनेव्हियन स्पर्धेत ती दुसरी आली.

इथवरची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. 'जिद्दीपुढे सारे ठेंगणे' असे शीर्षक देऊन ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात घालता येईल. पण मला थांबावेसे वाटते ते पुढच्या वर्षापाशी. १९४८ साली लंडनला ऑलिंपिक झाले. तिथे लिसला स्थान नव्हते, आणि त्याचे कारण तिचे पाय नव्हते. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये फक्त लष्करातील कमिशनप्राप्त अधिकारीच उतरू शकत. स्त्रियांना दार बंद, नागरिकांना बंद, साध्या सैनिकांनाही बंद. नियम किती कडक? त्या वर्षी स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले, पण संघातला पेर्सन हा खरा अधिकारी नसून खेळांपुरती बढती दिलेला सार्जंट होता हे निघाले आणि पुढच्या वर्षी पदक काढून घेण्यात आले! मग नियम बदलला. १९५२ च्या हेलसिंकीत स्त्रिया, नागरिक, सैनिक सर्वांना प्रवेश मिळाला. पेर्सन पुन्हा आला आणि स्वीडनच्या संघाने सुवर्ण जिंकले. लिस हार्टेलही आली आणि पुरुषांच्या बरोबरीने खेळून तिने वैयक्तिक रौप्यपदक मिळवले.

त्या समारंभातला एक क्षण सर्वत्र सांगितला जातो. सुवर्णपदक मिळवणारा स्वीडनचा हेन्री सेंट सिर याने लिसला हात देऊन विजेत्यांच्या चौथऱ्यावर चढवले. प्रसंग हृद्य आहे, त्या माणसाचे सौजन्य खरे आहे. पण मला राहून राहून वाटते, लोकांच्या लक्षात चौथरा राहिला आणि चौकोन विसरला गेला. पदक चौथऱ्यावर चढण्यासाठी नव्हते. चौकोनात ज्युबिलीवर असताना तिला कुणीही हात दिलेला नव्हता.

हे मला इतके टोचते याला घरचे कारण आहे. माझ्या आत्याला लहानपणी पोलिओ झाला. ती कॅलिपर लावून चालते आणि एका पतपेढीत हिशेबनीस आहे. मार्चअखेरीस तिचा ताळेबंद पहिल्या झटक्यात जुळतो. एकदा एका संस्थेने तिला 'अपंगत्वावर मात' या विषयावर बोलायला बोलावले. सभागृह दुसऱ्या मजल्यावर. चार मुलांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेले. टाळ्या झाल्या, शाल झाली, श्रीफळ झाले. जिद्दीवर तिघे बोलले. घरी आल्यावर आत्या एवढेच म्हणाली, "अरे, हिशेबाचं एकानंही विचारलं नाही. आणि पुढच्या वेळी सभा खाली घ्या म्हणावं."

त्या एका वाक्यात मला हेलसिंकीचे सारे सार सापडते. जिद्द लिसपाशी १९४८ सालीही होती. कमी होती ती नियमाच्या कागदावरची एक ओळ. ती ओळ बदलणे हे लिसचे काम नव्हते, ज्यांच्या हाती कागद होता त्यांचे होते. आपण जिद्दीचे इतके कौतुक करतो ते कदाचित एवढ्याचसाठी, की मग जिन्याविषयी बोलावे लागत नाही.

१९५६ चे ऑलिंपिक मेलबोर्नला होते, परंतु ऑस्ट्रेलियात बाहेरचे घोडे आणण्याच्या कडक नियमांमुळे अश्वस्पर्धा स्टॉकहोमला झाल्या. लिस पुन्हा दुसरी आली, पुन्हा सेंट सिरच्या मागे. एकदा मिळालेल्या यशाला कुणी दैवयोग म्हणेल, सहानुभूती म्हणेल. दुसऱ्यांदा तसे म्हणायला जागा उरत नाही. पुढे तिचे उदाहरण पाहून युरोपात अपंगांसाठी उपचार म्हणून घोडेस्वारी शिकवण्याच्या कामाला जोर आला, आणि १९९६ पासून पॅरालिंपिकमध्येही ड्रेसाज आले. २००९ साली लिस वारली.

तिची आठवण काढायचीच तर ती चौथऱ्यापाशी हात धरलेली काढू नये असे मला वाटते. घोडीवर ताठ बसलेली, पाय रिकिबीत नुसते टेकलेले, ओठ मिटलेले, आणि खालची ज्युबिली न सांगता वळल्यासारखी वळते आहे, अशी काढावी. आमच्या आत्याविषयी कुणी विचारले तर मीही हल्ली आधी तिच्या ताळेबंदाचे सांगतो.